दाजींची शेवटची शिवी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोकुळ रोडवरच्या माझ्या वर्कशॉपात होतो. धारवाडला पोचेपर्यंत नातेवाइकांची कुजबूज सुरूही झाली होती. दाजी, म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, जाता जाता तिला कानडीत घाणेरडी शिवी देऊन गेले, हे सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं.

जन्मभर त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. जेवताना हमखास विषय काढायचे, मन मेंदूतच असतं की मेंदू नुसता मनाचा चाकर... मी म्हणायचो, दाजी, आमटी निवतेय. ते हसायचे. अक्कावर त्यांनी कधी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. मग मेंदू झिजायला लागला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली, काळपट भाग दाखवला आणि हे आता तुमचे दाजी नव्हेतच म्हणाले. माणूस नव्हे, मोटारीचा पार्ट बदलल्यासारखं. पुढे त्या सज्जन माणसाच्या तोंडून गटार वाहिलं. अक्कानं भरवलेला भात ते तिच्याच अंगावर थुंकायचे, 'होलसु, होलसु', घाण, घाण म्हणत. मला किळस यायची, खोटं कशाला बोलू?

पण खरी किळस आली ती तेराव्याला. पुरणपोळी चापताना दाजींचे थोरले चुलते म्हणाले, अंते मतिः सा गतिः, शेवटी मनात असेल तसा पुढचा जन्म. शिवी ओठांवर घेऊन गेलेल्याला कसली गती मिळणार? होम घालून त्यांची शांत करून घ्या. एका मावशींनी त्यावर कडी केली, जन्मभर पोटात दडवलेलं अखेर बाहेर पडलं म्हणे. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. माझं डोकं फिरलं. तापात बरळणाऱ्याला मग फासावर का चढवत नाही, असं मी विचारलं. लोखंड कापणाऱ्याला यातलं काय कळतं, असं म्हणून चुलत्यांनी आणखी तूप मागितलं. ते त्यांच्या बोटांवरून ओघळत होतं.

सगळे गेल्यावर अक्कानं विचारलं, "ते शेवटचं बोललेलं ह्यांचंच काय रे?"

मेंदूचं होतं म्हणावं, तर इतक्या वर्षांचा दाजींचा चांगुलपणाही मेंदूचाच म्हणावा लागेल... मग तीच बोलली.

"शिव्या द्यायचे की. पण मी ताट घेऊन आले की कॉटवर भिंतीकडे सरकायचे. मला बसायला जागा व्हावी म्हणून. अगदी त्या दिवशीसुद्धा सरकले."

शांत करायची नाही, असं तिनं चुलत्यांना स्वतः फोन करून सांगितलं.

मी रविवारी जातो. अक्का दाजींच्या कॉटच्या अगदी काठावर अवघडून बसलेली असते. परवा मी भिंतीकडच्या रिकाम्या जागेत टेकायला गेलो, तर तिनं हात धरून मला उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.