धुरी दिलेलं जाकीट

लग्न झाल्यापासून इल्मी लाहतीला राग होता तो एकाच गोष्टीचा, धुराचा. म्हणजे सौनाच्या, वाफ घ्यायच्या न्हाणीघराच्या, चुलीचा धूर तिला चालायचा, मासे धुरवायच्या खोपटातलाही चालायचा. पण सप्टेंबर सरत आला की नवरा, ओन्नी, लाकडांच्या शेडमध्ये दुधाचा जुना कॅन मांडायचा, तळाशी सौनातले निखारे घालायचा, वर सीडरच्या हिरव्या ओल्या डहाळ्या टाकायचा आणि त्या पांढऱ्या धुरावर शिकारीचं लोकरी जाकीट, विजार, टोपी, बूट, सगळ्यांना धुरी द्यायचा. मग तो वास मोटारीच्या सीटला लागे, उशीच्या अभ्र्याला लागे आणि शेवटी इल्मीच्या रविवारच्या कोटाला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या बायका म्हणायच्या, "इल्मी आली गं, माशाचं खोपट चालत आलं."

ओन्नी धनुष्यबाणाने शिकार करायचा. बंदूकवाल्याचं बरं असतं, शेताच्या एका टोकाला बसून तो दुसऱ्या टोकाचं हरीण पाडतो. बाणवाल्याला हरीण परसातल्या कपड्यांच्या दोरीइतकं जवळ यावं लागतं, आणि इतक्या जवळ आलेल्या हरणाच्या नाकापुढे माणसाचं काही चालत नाही.

"त्यांना धूर नवा नाही," ओन्नी सांगायचा. "इथं घरोघरी धुराडी पेटलेली असतात आणि त्याच घरांच्या मागं येऊन ती सफरचंदं खातात. नवा असतो तो माणसाचा वास. धुरामागं माणूस लपतो. थोडा तरी."

हे 'थोडा तरी' तो कधी विसरत नसे. वारा बघितल्याशिवाय तो मचाणावर चढला नाही.

एका वर्षी इल्मीने वैतागून ते जाकीट फुलांच्या वासाच्या साबणात धुऊन काढलं. त्या हंगामात ओन्नीला हरणं दिसली ती फक्त मागून, पांढऱ्या शेपट्या उभारून पळताना. तो भांडला नाही. नुसता बोलायचा बंद झाला, आणि तसा तो आधीही फार बोलणारा नव्हता, म्हणून इल्मीला ते कळायलाच चार दिवस लागले.

मग एका वसंतात, मेपलचा रस काढायच्या दिवसांत, ओन्नी बादली घेऊन चालता चालता बर्फात बसला तो उठलाच नाही. पक्षाघात. उजवा हात, उजवा पाय गेला आणि शब्दही गेले. एकच उरला, तो का उरला ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पाणी हवं असलं तरी ओन्नी म्हणायचा "मंगळवार". पाय दुखला तरी "मंगळवार". समजत त्याला सगळं होतं, बाहेर मात्र तेवढंच यायचं. आपल्याच तोंडातून तो शब्द ऐकला की तो डोळे मिटून घ्यायचा.

उन्हाळाभर इल्मीने त्याला उठवलं, चालवलं, चार पायांच्या काठीवर तोलायला शिकवलं. अंगाने तो थोडा सुधारला. मनाने नाही. दाढी करून द्यायला गेली तर मान फिरवायचा. ताटात वेलची घातलेला पाव तसाच राहायचा. सप्टेंबरात घरामागच्या सफरचंदाच्या झाडांखाली हरणं यायला लागली तेव्हा तिला वाटलं, याला बरं वाटेल, म्हणून तिने त्याची खुर्ची खिडकीशी नेली. ओन्नीने पाहिलं. मग डाव्या पायाने रेटत रेटत खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या दुपारी इल्मी शेजारच्या क्लिफ बोशँकडे गेली. क्लिफ ओन्नीचा शिकारीचा जोडीदार, बोलघेवडा, पोट सुटलेला.

"तुझ्या लेकीचं धनुष्य आहे का अजून?" तिने विचारलं.

"आहे की माळ्यावर. कुणाला हवंय?"

"मला."

क्लिफने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इल्मी, तू साठी ओलांडलीस."

"हरणाला सांगू नकोस म्हणजे झालं."

धनुष्य टोकांना चाकासारख्या कप्प्या लावलेलं होतं, ओन्नीच्यापेक्षा हलकं, तरी पहिल्या दिवशी तिच्याने दोर अर्धासुद्धा ओढवेना. पण शाळेची पातेली उचललेले हात होते ते. क्लिफच्या परसात गवताच्या गठ्ठ्यावर ती रोज बाण मारत राहिली, आणि तिचा बाण गठ्ठ्यात ठरल्या जागी लागू लागला तेव्हा क्लिफने थट्टा थांबवली.

थट्टा थांबवली नाही ती सिग्नेने. सिग्ने ओन्नीची थोरली बहीण, रस्त्यापलीकडेच राहायची आणि दार न वाजवता आत यायची.

"लोकांना काय वाटेल?" ती म्हणाली. "नवरा खुर्चीत, आणि बायको झाडावर."

"झाडावर निदान कुणी प्रश्न विचारत नाही, सिग्ने."

"पडलीस तर? मग मी दोघांना भरवायचं?"

"तुझ्या हातचं असेल तर आम्ही दोघं उपाशी राहू."

ओन्नी भिंतीकडे बघत बसला होता. तो हसला नाही. ऐकत होता की नाही, तेही कळेना.

हंगाम उघडायच्या आदल्या सकाळी इल्मीने ओन्नीचं जाकीट काढलं आणि शेडमध्ये कॅन मांडला. इतकी वर्षं तिने नाक धरून शेडकडे पाठ केली होती, त्यामुळे नेमकं काय करतात ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने निखारे घातले आणि त्यांवर बर्चची कोरडी ढलपी टाकली. बर्चच्या झाडाची तेलकट साल ती, भरकन पेटली, ज्वाळा कॅनच्या वर आली आणि जाकिटाची बाही करपू लागली. इल्मीने ओढून खाली घेतलं, पायांनी तुडवलं, खोकत खोकत पाण्याला धावली.

वळली तर शेडच्या दारात ओन्नी उभा. स्वयंपाकघरापासून तिथवर, दोन पायऱ्या उतरून, ओलं अंगण ओलांडून तो एकटा आला होता. चेहरा लाल झाला होता.

"मंगळवार," तो ओरडला. "मंगळवार, मंगळवार."

इतक्या महिन्यांत इल्मीने त्याचा आवाज असा ऐकला नव्हता. ही शिवी होती, आणि चांगली सणसणीत होती.

"मग दाखव ना," ती म्हणाली. "मला काय स्वप्न पडणार आहे?"

स्वतःला लाकडाच्या ओंडक्यावर बसवायची त्याने तिला खूण केली. डाव्या हाताने चिमटा घेऊन जळकी ढलपी एकेक करून बाहेर फेकली. निखाऱ्यांवर राख पसरली. मग काठी उगारून दाराबाहेरच्या सीडरकडे दाखवलं. तिने डहाळ्या आणल्या तर त्यातल्या तपकिरी झालेल्या बाजूला टाकल्या, हिरव्या तेवढ्या ठेवल्या, आणि धूर दाट, पांढरा व्हायला लागल्यावर हात वर धरून तो सोसवेल इतका गार आहे का ते पाहिलं. जाकीट त्याने तिला उलटं करून टांगायला लावलं, आतल्या बाजूलाही धुरी लागली पाहिजे. टोपी, हातमोजे, बूट. शेवटी तिला स्वतःला हाताने ओढून धुरात उभं केलं आणि तिच्या केसांकडे बोट दाखवलं. इल्मीने रुमाल सोडला. डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानेच बहुतेक, पण तिने ते पुसलं नाही.

त्या दिवशी ओन्नी दोन वेळा जेवला.

रविवारी चर्चमध्ये त्यांच्या पुढच्या बाकावरच्या बाईने दोनदा मागे वळून पाहिलं आणि मग नवऱ्याच्या कानात काही सांगितलं. तो उठून चर्च गरम ठेवणारी भट्टी तपासायला तळघरात गेला. सिग्ने खालमानेने म्हणाली, "इल्मी, पुढच्या वेळी तू मोटारीतच प्रार्थना कर." ओन्नीचे खांदे हलले. त्याला खोकला आला असेल असं सिग्नेला वाटलं. इल्मीला तसं वाटलं नाही.

पहिल्या खेपेला मचाणाखाली एक हरिणी आली, मागे तिचं पाडस. इल्मी श्वास धरून बसली. हरिणीने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि सरळ वर, जाकिटाच्या दिशेने पाहिलं. धुराचा वास तिला नक्की लागला होता. तिने कान हलवले, जणू कुणाच्या तरी घरी चूल पेटलीय असं मनाशी म्हणाली, आणि पुन्हा खाली पडलेली सफरचंदं हुंगायला लागली. इल्मीने दोर ओढला नाही. पाडस होतं बरोबर. घरी येऊन तिने हे ओन्नीला सांगितलं आणि तो रागावेल म्हणून थांबली. त्याने फक्त मान हलवली, त्यानेही सोडलं असतं अशी. मग पुनःपुन्हा खूण करून विचारलं, हरिणीने किती वेळ पाहिलं, कान कसे होते, वारा कुठून होता. तिला सगळं दोनदा सांगावं लागलं.

पुढच्या दोन खेपांना वारा फिरला आणि धूर असूनही हरणांनी तिला दुरूनच ओळखलं. दोन्ही वेळा ती रिकामी परतली. दोन्ही वेळा ओन्नी दारात उभा होता.

दव गोठलेल्या एका सकाळी एक तरुण नर आला, एकटा, शिंगांना जेमतेम फाटे फुटलेला. तो आडवा उभा राहिला. इल्मीने बाण सोडला. आवाज झाला, हरीण उसळलं आणि दलदलीच्या बाजूच्या झाडीत शिरलं. जखमी हरीण आणखी पळू नये म्हणून क्लिफने शिकवल्याप्रमाणे ती थोडा वेळ वरच बसून राहिली. मग खाली उतरली. रक्त होतं, पण थोडं, आणि झाडीपाशी तेही संपलं.

तिला रडू फुटलं. प्राण्याला मारणं एक, आणि अर्धवट मारून सोडणं एक. ती क्लिफकडे गेली, आणि क्लिफ बूट घालत असतानाच ती म्हणाली, "ट्रॅक्टर काढ. ट्रॉली लाव."

"आधी सापडू दे तर खरं."

"हरणासाठी नाही. ओन्नीसाठी."

क्लिफने ट्रॅक्टर काढला. त्याने ट्रॉलीत गवताचा गठ्ठा टाकला, दोघांनी ओन्नीला वर चढवून घोंगडीत गुंडाळलं, पट्ट्याने बांधलं. सिग्ने रस्त्यावरून बघत होती. "त्याला मारून टाकणार आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि मग स्वतःची लोकरी टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली.

झाडीच्या कडेला ओन्नीने हाताने थांबवलं. त्याने जमिनीकडे पाहिलंच नाही. तो उंच गवताकडे बघत होता. बराच वेळ. मग काठीने दाखवलं, खाली नाही, गुडघ्याच्या उंचीवर. इल्मी तिथे गेली. गवताच्या पात्यांना रक्त पुसलेलं होतं, एकाच बाजूने. तिथून पुढे तेच शोधत गेली. क्लिफ हळूहळू ट्रॅक्टर मागून आणत राहिला, ओन्नी "मंगळवार" म्हणत डावी-उजवी सांगत राहिला, आणि आता त्या शब्दातला फरक तिघांनाही कळत होता. पडलेल्या एका झाडामागे नर निपचित होता. बाण नीट लागला होता. तो लांब गेलाच नव्हता.

इल्मी त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. ओन्नीने ट्रॉलीत बसल्या जागीच डोक्यावरची टोपी काढली.

शब्द परत येतील असं डॉक्टर म्हणाले होते. ते आले नाहीत, त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. पण त्या दुपारी हरणाचं काळीज परतलं तेव्हा कांदा आधी घालायचा की नंतर यावरून सिग्नेचं आणि क्लिफचं जोरात जुंपलं, आणि ओन्नीने मध्येच टेबलावर डावा हात आपटून आपलं मत दिलं.

"बघ, माझ्या बाजूने आहे," सिग्ने म्हणाली.

"कशावरून? मंगळवार म्हणाला तो."

"बहिणीला कळतं."

इल्मीने तिघांना वाढलं, स्वतः उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि बादली घेऊन बाहेर पडली. ट्रॉलीतलं रक्त गोठायच्या आत धुऊन काढायचं होतं.