आईनं केलेलं टायरचं स्टूल

रविवारी घरी गेलो, तर आई गच्चीवर बसून गाडीच्या जुन्या टायरवर सुतळी चिकटवत होती. दोन्ही हात गोंदानं माखलेले, म्हणून समोरचा मोबाइल ती कोपरानं थांबवायची आणि व्हिडिओतल्या मुलीला सांगायची, "हळू गं बाई, माझा अजून एक वेढा राहिलाय."

त्या मुलीच्या मते हे अर्ध्या तासाचं काम होतं. आईचा तिसरा दिवस चालू होता, कारण सुतळी दोनदा सुटली होती.

"कुणासाठी करतेयस?" मी विचारलं.

"कुणासाठी नाही. करून बघावंसं वाटलं."

आईनं आजवर काय काय केलं होतं. आमचे स्वेटर, भाचरांची दुपटी, गणपतीची मखरं. पण ते सगळं कुणासाठी तरी असायचं आणि वेळेत व्हावंच लागायचं. इथे कसली घाई नव्हती. चुकलेला वेढा सोडवतानाही ती गुणगुणत होती. नुसत्या हौसेनं काही करणारं माणूस किती मोकळं दिसतं, हे मी तिच्याकडे बघताना पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी स्टूल तयार झालं, एका बाजूला जरा कललेलं. बाबा बसायला पुढे झाले, तेव्हा आई म्हणाली, "थांबा, आधी मी बसते."

ती बसली, पाय लांब केले आणि अगदी सहज म्हणाली, "अहो, चहा टाकता का?"

बाबा हसत आत गेले. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून त्यांनी विचारलं, "साखर किती?"

"दीड चमचा," आईनं बसल्या जागेवरून सांगितलं.