घरापासून जवळचं कॉलेज

भाऊ इंजिनिअरिंगला पुण्याला निघाला तेव्हा त्याचं कॉलेज कसं आहे, असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही. निकालाआधीच त्याच्यासाठी नवी बॅग आली होती. मला आर्किटेक्चरला जायचंय म्हटल्यावर मात्र एकेकाला कंठ फुटला.

प्रवेश परीक्षेत मला बरे गुण होते. पुण्यातलं एक जुनं कॉलेज मिळण्यासारखं होतं. तिथली मुलं गावोगाव जाऊन घरं मोजतात, मातीच्या भिंती स्वतः बांधून बघतात, असं ऐकलं होतं आणि मला तिथंच जायचं होतं. पण आमच्याकडे कॉलेजची कसोटी एकच: पोरगी रात्रीच्या जेवणाला घरात पाहिजे. या कसोटीवर जगातली सगळी कॉलेजं नापास, एक सोडून. ते शहराबाहेर, हायवेला लागून, नुकतंच उभं राहिलं होतं.

काकांनी तर ते न बघताच पसंत केलं. काका उचगावात अपार्टमेंट बांधतात. जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं फिरावं लागतं, अशी त्यांची वास्तुकला. "आर्किटेक्ट म्हंजे काय गं? नकाशा काढायचा. त्यो हितं काढला काय अन् पुण्यात काढला काय, रेघ सरळच येत्या की!" म्हणाले, आणि स्वतःच हसले.

वडील, म्हणजे आमचे आप्पा, मला घेऊन ते कॉलेज बघायला गेले. टाय लावलेल्या एका साहेबांनी आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं आणि बिल्डिंग दाखवली. सगळीकडं काच, आणि काचेच्या आत एसी. आप्पांनी कंपाउंडची भिंत किती उंच आहे ते पाहिलं, वॉचमन किती आहेत ते विचारलं, आणि कॅमेरे बघून तर त्यांचा जीव भांड्यात पडला. पोरगी शिकायला घालताहेत की बँकेच्या लॉकरात ठेवताहेत, मला कळेना.

वर्गातल्या टेबलांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. मी विचारलं, "डिझाईन कोण शिकवतं?"

"सर यायचेत अजून," साहेब म्हणाले. "पण बस थेट तुमच्या दारात येणार, बघा."

आप्पांनी समाधानानं मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

गाडीत बसल्यावर मी तोंड उघडलं. आमच्या म्हशी आप्पा स्वतः पारखून आणतात. म्हटलं, "आप्पा, म्हस घेताना दोन टायमाची धार काढून बघतायसा. आणि माझं कॉलेज नुसता गोठा बघून घ्यायलाय व्हय?"

वाटलं, आता ओरडणार. त्यांनी गाडी सुरूच केली नाही. समोर बघत म्हणाले, "म्हस न्हाई पटली तर बाजारात परत नेता येत्या. एक पोरगा गेला, त्यो तिकडचाच झाला. तूबी गेलीस की परत येणार न्हाईस."

येणार की, एवढंच म्हणायचं होतं. पण खोटं बोलवेना. मी गप्प बसले आणि त्यांना उत्तर मिळालं.

घरी पोचलो तर काका वाटच बघत होते. "काय, झालं का फायनल?"

"झालं," आप्पा म्हणाले. "पुण्याला चाललीया ती." आणि माझ्याकडं न बघता आत गेले.

आज मी पुण्यातच काम करते. काका अजून फोन करून फुकटात नकाशे मागतात. परत कधी येणार, हे आप्पांनी मात्र एकदाही विचारलेलं नाही.