मागच्या पाट्यावरचा ठसा

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात मिस्त्रींचं गॅरेज होतं. मी पुण्याच्या एका मासिकात गाड्यांची परीक्षणं लिहायचो आणि कंपनीनं पाठवलेली प्रत्येक जीप आधी त्यांना दाखवायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे. बिघडलेल्या भागाला ते कधी खराब म्हणत नसत. "नाराज हाय," म्हणायचे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर एक नवी जीप आली. आम्ही ती मंगळवेढ्याच्या काळ्या रानात घातली. परतल्यावर ते बराच वेळ गाडीखाली पडून होते.

"इंजान लई गुणाचं हाय, सायेब. पर मागच्या स्प्रिंगचा पाटा नाराज हाय. पाच-सा पोती टाकली तर मोडंल. तेवढं लिवा की."

मी इंजिनाचं लिहिलं. सोलापूरच्या जाणत्या मिस्त्रींनीही ते वाखाणलं, असंही लिहिलं. पाट्याचं वाक्य मीच खोडलं. मासिकाच्या मागच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असायची. संपादकांना मला तसं सांगावंसुद्धा लागलं नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर तो लेख गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेला. जीपच्या फोटोत मागच्या चाकापाशी ग्रीसच्या बोटाचा काळा ठसा होता. जीप घ्यायला निघालेल्या एका शेतकऱ्याला ते तिथं बोट ठेवून सांगत होते, "सायबांनी समदं बराबर लिवलंय. एवढं एक ऱ्हायलंय."

मला पाहून त्यांनी नेहमीसारखी खुर्ची पुसून दिली. मी आणलेल्या नव्या जीपखाली मात्र ते गेलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "चांगली हाय."