कागद आणि बाण

"कागदाकडं पाहू का पडद्यावरच्या त्या बाणाकडं, सर?" शेजारच्या मशीनवरच्या बाई विचारत होत्या.

आदिलाबादच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये विंडोज नुकतंच आलं होतं. मला ते आवडे, कारण जुन्या डॉससारख्या आज्ञा पाठ कराव्या लागत नसत. बाई बोथ गावच्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. डॉसवर त्या डावीकडच्या कागदावरून नजर न हलवता टाइप करत. त्या दिवशी सरांनी त्यांना विंडोजवर बसवलं होतं. माऊसकडे हात गेला की कागदावरची ओळ हरवे. मग त्यांनी केसातली पिन काढून ओळीखाली ठेवली. ती युक्ती मला फार आवडली.

आठवड्याअखेर त्यांची बढतीची टायपिंग परीक्षा होती, तीही डॉसवर. तरी सर डॉस उरलेल्या शेवटच्या मशीनवरही विंडोज टाकायला निघाले.

"अक्का, समदे आता हेच शिकून राह्यले."

"मी बी शिकन. पण आधी परीक्षा होऊ द्या ना."

सर हसले आणि फ्लॉपी शोधू लागले. मी इंग्रजी शाळेतली; माझ्या पुस्तकी मराठीला क्लासातल्या पोरी हसत, म्हणून मी तिथं बोलतच नसे.

"सर," मी म्हणाले, "बाईंची परीक्षा होईपर्यंत ते मशीन तसंच राहू द्या."