दोन गावांमधली मोकळी जागा

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, धाराशिवच्या कचेरीत नकाशे काढायच्या कामावर नुकताच लागलो होतो. त्या उन्हाळ्यात काही गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. टोचायला हैदराबादेहून डॉक्टर येणार होते आणि त्यांच्याकडं लस मोजकीच असणार होती. चुकीच्या गावात संपली, तर खऱ्या गावाला उरणार नव्हती. डॉक्टर फक्त उर्दू वाचणारे, त्यांचा ड्रायव्हर सोलापूरकडचा, फक्त मराठी वाचणारा. म्हणून मोटारीत ठेवायच्या नकाशावर गावांची नावं दोन्ही लिप्यांत हवी होती.

साथीच्या गावांपैकी एक माझ्या आक्काचं सासर. मी शाळेत जावं म्हणून लहानपणी माझ्या वाटच्या शेळ्या तिनं राखल्या होत्या. तिकडून काहीच निरोप नव्हता. काही सुटायला नको, या धास्तीनं मी विहिरी, देवळं, दर्गे, आमराया, सगळ्यांची नावं घातली. सगळी सारखीच ठळक.

कचेरीतल्या वयस्क मुन्शीजींपुढं नकाशा ठेवला.

“ही काय बारात आहे मियाँ? सगळेच नवरदेव!”

“मुन्शीजी, थट्टा नको. आमच्या आक्काचं गाव तेवढं दाखवा. उर्दूतून वाचा.”

त्यांनी बोट ठेवलं ते नाल्यापलीकडच्या गावावर. तिथं साथ नव्हतीच.

मी नकाशा जवळ ओढून पाहिला. नाल्याच्या डावीकडं आक्काचं गाव, उजवीकडं ते दुसरं; दोन्ही गावांची नावं मी सवयीनं ठिपक्याच्या उजवीकडं लिहिली होती. मराठीला ते ठीक. पण उर्दू उजवीकडून सुरू होते. आक्काच्या गावाच्या उर्दू नावाचं पहिलं अक्षर थेट पलीकडच्या ठिपक्याला जाऊन टेकलं होतं. मुन्शीजींची नजर तिथूनच निघाली.

नवा कागद घेतला. आक्काच्या गावाची दोन्ही नावं डाव्या बाजूला नेली, पलीकडच्या गावाची उजव्या बाजूलाच ठेवली. मधल्या जागेत फक्त नाला, त्याच्या वळणाबरोबर वळलेलं तिरकं, बारीक नाव. देवळं, आमराया गेल्या. ठळक अक्षरं साथीच्या गावांनाच ठेवली. शाई वाळवत होतो तोच नळदुर्गच्या वाटेनं मोटार आली.

आता पारख करायची कशी? मुन्शीजींना तर उत्तर ठाऊक झालं होतं.

“डॉक्टरसाहेबांनाच विचार की,” ते म्हणाले. “खाणार न्हाईत ते तुला.”

आक्काच्या गावाचं नाव सांगून ते कुठं, असं घाबरत घाबरत विचारलं. डॉक्टरांचं बोट कागदावर हिंडलं, नाल्याशी घुटमळलं. मग ते आक्काच्या गावावर थांबलं. ड्रायव्हरनं बाजूनं वाकून मराठी नाव वाचलं आणि आपलं बोट तिथंच टेकवलं.

मोटार गेली. तरी मनाला चैन नव्हतं. कागद बरोबर होता. पण तिथं पोचेपर्यंत आक्का असेल का, हे कागद सांगत नव्हता. रस्त्यावर धूळ उठली की मी दारात जायचो.

मोटार परतली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरायच्या आधीच मी पुढं झालो.

“नकाशावाले तुम्हीच ना?” तो हसत म्हणाला. “तुमच्या आक्काचा निरोप हाय. ‘दंड लई सुजलाय, भाकरी थापता येईना. शेळ्या राखल्या त्याचं हेच फळ का, म्हणावं.’”

मी त्याला तो निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला.