समोरच्या भाऊजींची हाव

दुसऱ्याच्या आनंदाची आमच्या समोरच्या भाऊजींइतकी हाव असलेला माणूस रायपूरच्या सबंध बुढापारा मोहल्ल्यात नसेल. रेल्वेतून रिटायर झालेले, लग्न न केलेले, घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. सकाळी भाजीला निघाले की भेटेल त्याला अडवायचे, "आज काय चांगलं झालं?" काही नाही म्हटलं तर सोडायचे नाहीत. शेजारणीनं एकदा सुटका म्हणून सांगितलं, मिक्सर दुरुस्त झाला. तर घरात येऊन चटणी वाटून होईपर्यंत मिक्सरपाशी उभे राहिले. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा त्यांनी गल्लीभर जिलेबी वाटली. आमच्या ह्यांनी विचारलं, तुम्हाले काय मिळालं त्यात? ते म्हणाले, "मले काहून मिळायले पाहिजे? गावाले मिळालं ना."

या बातम्यांचं ते करतात काय, याचं मला फार कुतूहल. मी कोणाशी बोलत नाही, पण पडद्याआडून बघते सगळं. संध्याकाळी ते ओट्यावर आईजवळ बसत. तिला चालवत नसे आणि ऐकूही फार कमी येई. मग एकेक बातमी ते तिच्या कानाशी ओरडून सांगत. म्हातारी विचारायची, "हव? मंग लाडू देल्ला का?" सारी गल्ली ऐकायची. एका पोरीचं लग्न ठरलं, ते तिच्या सख्ख्या काकूला ओट्यावरूनच कळलं. काकू महिनाभर रुसली. भाऊजींना मात्र चांगली गोष्ट लपवतात कशाला, हेच समजेना.

श्रावणात त्यांची आई गेली. त्यानंतर ते खाली मान घालून भाजी आणू लागले. कोणाला काही विचारेनात. लोकांनाही वाटलं, दुःखातल्या माणसाला आपलं सुख काय सांगायचं. बारशाला निघालेल्या बाया त्यांच्या दारावरून आवाज बंद करून जायच्या. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला. ओटा रिकामाच राहायचा.

दिवाळी आली. ज्या घरात माणूस गेलं, तिथं पहिल्या वर्षी फराळ तळत नाहीत, शेजारी नेऊन देतात. मीही ताट घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नव्हते. त्यांनी एक करंजी उचलली, अर्धी खाल्ली आणि तशीच धरून बसले.

"चांगली झाली, वहिनी. पण आता हे मी सांगू कोणाले?"

मला काय झालं कोण जाणे. "मले सांगत जा," म्हटलं. आणि गल्लीत कोणालाच न सांगितलेली गोष्टही सांगून टाकली, आमच्या पोरीला दिवस गेलेत.

त्या संध्याकाळी ते ओट्यावर आले. आईच्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिले. मग माझ्या खिडकीकडे तोंड करून, आईला सांगायचे त्याच आवाजात ओरडले, "वहिनी, तुमच्या पोट्टीले दिवस गेले!"

माझीच बातमी मला. सारी गल्ली दारात आली. मी लाजेनं अर्धी झाले, पण पडदा सारला आणि विचारलं, "हव? मंग लाडू देल्ला का?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी खिडकीत बसते आणि ते समोरून ओरडून सांगतात. मला नीट ऐकू येतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.